चपलांची तोंडं बाहेर

आमच्या तळोद्याच्या कराटे क्लासला नवीन पालक आला की पहिल्या दिवशी हमखास एक घोटाळा व्हायचा. दाराशी एक माणूस उकिडवा बसलेला दिसायचा. भुवयांवर पीठ, कमरेला काळा पट्टा आणि दोन्ही हातांत लोकांच्या चपला. पालक आपलं हेल्मेट त्याच्याकडे द्यायचा आणि विचारायचा, "मुख्य सर कुठे भेटतील?" तो माणूस हेल्मेट जपून खिडकीत ठेवायचा, पालकाचे बूट उचलायचा, त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ओळीत लावायचा आणि हात झटकत म्हणायचा, "बोला. मीच शे."

हे आमचे भटू सर.

चपलांची तोंडं बाहेर, हा त्यांचा पहिला नियम. आत येताना आपण चपला काढतो तेव्हा त्यांची तोंडं आतल्या बाजूला असतात. सर सगळ्यांच्या चपला उलट फिरवून ठेवायचे. मोठ्यांच्या, लेकरांच्या, चुकून आत डोकावलेल्या पोस्टमनच्यासुद्धा. मी एकदा विचारलं, "सर, हे जपानी पद्धतीचं काही आहे का?"

"जपानी कथानं, मास्तर! पाय घाला का पया. फिराले टाईम जात नई."

मी मराठी शाळेत शिक्षक, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. ते वयानं माझ्यापेक्षा मोठे. पोट कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर चाळिशी ओलांडून मी क्लासला लागलो. पोट आहे तिथंच आहे.

तर, पया. म्हणजे पळा. काळ्या पट्ट्याचा हा माणूस आयुष्यभर पळायच्या तयारीत होता. त्यांना पालीची भीती, कुत्र्याची भीती, पतंगाच्या मांज्याची भीती. बाजारपेठेच्या मागं त्यांची पिठाची गिरणी आहे. तिथं स्टार्टर दाबायचा तर पायाखाली गोणपाट, हातात कोरडा बांबू आणि चेहऱ्यावर असे भाव की समोर नाग आहे. ज्वारी घेऊन आलेली एखादी म्हातारी हसायची, "काय रे भटू, कराटेवाला ना तू?"

"मावशी, करंट काय पट्टा देखीसन थांबस का?"

एकदा क्लासची सहल तोरणमाळला नेली. घाटात जीप वळणं घेऊ लागली तसे सर मागच्या दारात, एक पाय फूटबोर्डवर आणि हातात चपला घेऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "काय भाऊ, भेव लागस का?"

ड्रायव्हर पोरगेलासा. गाणं बंद न करता म्हणाला, "नई लागत, सर. डोळा मिटीसन चालाडसू."

"मंग थांबाड. मी पायी येसू."

आणि खरंच उतरले. आम्ही वर पोहोचून, जेवून, तलावाकाठी फोटो काढून झाल्यावर घामानं निथळत आले. "ज्याले भेव नई लागत," ते म्हणाले, "त्याना गाडीमा बसानं नई." परतताना त्यांनी एक म्हातारा ड्रायव्हर शोधून काढला. तो प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायचा. सर त्याच्या शेजारी निवांत झोपले.

क्लासमध्ये नवीन मूल आलं की ते मुठी आवळून उभं राहायचं. "सर, पंच शिकवा ना."

"पंच मंग. आधी पयी दखाड."

पहिला महिना पळणं. ओरडत पळणं, वाकून पळणं, धाकट्याचा हात धरून पळणं. पालक कुरकुरायचे. आमचा पोरगा चार जणांना लोळवेल म्हणून पाठवला, आणि हे त्याला पळपुटा करतायत. सर ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि त्या पालकाच्या चपला पुन्हा सरळ करायचे.

दुसरा नियम त्याहून विचित्र. पट्टा जसजसा वर चढेल तसतसं काम खाली उतरायचं. पांढऱ्या पट्ट्याला काहीच काम नाही. पिवळ्यानं पाणी भरायचं, हिरव्यानं सतरंज्या झटकायच्या, तपकिरीनं झाडू मारायचा. आणि काळा पट्टा गावात एकच, तेव्हा संडास आणि चपला सरांकडे. पट्टा काळाच का, असं एका मुलीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "मळ दिसत नई म्हनीसन."

मला तपकिरी पट्टा मिळाला त्या संध्याकाळी आमची ही मुद्दाम बघायला आली. क्लास भरायचा त्या कापसाच्या जुन्या गोदामात मी वाकून झाडू मारत होतो. ती दारातच थबकली. "घरी कधी केरसुणीला बोट लावलं नाही, आणि इथं पट्टा बांधून झाडता?" सर घाईघाईनं उठले आणि तिच्याही चपला फिरवून ठेवल्या. ती इतकी ओशाळली की लगेच त्या घालून घरी निघाली.

इथवरचं सगळं मी आजवर अनेकदा, अनेकांना, हसत हसत सांगितलं आहे. पुढचं कोणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

गेल्या वर्षी बाजार समितीच्या मैदानावर तालुक्यातल्या क्लासेसची प्रात्यक्षिकं होती. आमच्या आधीच्या क्लासनं कौलांच्या थप्प्या फोडल्या, आगीच्या कड्यातून उड्या मारल्या. मग आम्ही. मी गुंड झालो होतो, काळा गॉगल, गळ्यात रुमाल. मी लेकरांच्या अंगावर धावून गेलो. लेकरांनी सरांनी शिकवल्याप्रमाणे एकमुखानं "वाचवा!" अशी आरोळी ठोकली आणि सगळी सुसाट पळाली ती थेट मांडवात, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीमागं. सर्वांच्या शेवटी, दोन्ही हात पंखांसारखे पसरून, मान मागं वळवून माझ्याकडं बघत भटू सर पळत होते. मांडव हसून लोटपोट झाला. निवेदक माइकवर म्हणाला, "आणि हे त्यांचे सर! सर सगळ्यात मागं राहिले, मंडळी!" मी गॉगल लावून मोकळ्या मैदानात एकटा उभा. मारायला कोणी उरलंच नव्हतं.

त्या हसण्याची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आम्ही काही मोठे विद्यार्थी आणि पालक जमलो. क्लासला जरा वजनदार चेहरा हवा, असं ठरलं. चेहरा माझा निघाला. मी नको नको म्हटलं, पण जितक्या जोरात म्हणायला हवं होतं तितक्या जोरात नाही.

सरांना सांगायला मीच गेलो. ते गिरणीत जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाके घालत बसले होते. ऐकलं, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "तुम्ही व्हतीन का? मंग बरं व्हयनं, मास्तर. माले तं रोज भेव लागे, कोना पोऱ्याना हात मोडाई गया तं काय?" गोदामाची किल्ली आणि चपलांवरची धूळ झटकायचा ब्रश, दोन्ही माझ्यापुढं धरलं. मी किल्ली घेतली. ब्रश त्यांच्याच हातात राहिला.

प्रमुख झाल्यावर मी सुधारणा केल्या. चपलांसाठी लोखंडी मांडणी करवून घेतली. ती सध्या सरांच्या गिरणीत आहे, तिच्यावर लोकांचे पिठाचे डबे असतात. महिनाभराचं पळणं मी आठवड्यावर आणलं. आणि गावातल्या मुलांच्या ट्यूशन उशिरा सुटतात म्हणून क्लासची वेळ पाचवरून साडेसहावर नेली.

सर तेव्हा कोपऱ्यात सतरंजी गुंडाळत होते. "मास्तर, हिवाळा शे. अंधार लवकर पडस. नालापारन्या पोरी शेतस."

"सर, तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते एकदा सांगा," मी म्हणालो. सगळे हसले. सरही हसले.

नाल्यापलीकडे एक पाडा आहे. तिथल्या काही मुली आमच्याच शाळेत आहेत, त्या क्लासला येतात. त्यांच्यातली रमिला सगळ्यात मोठी, तिला पोलिसात जायचं आहे. दिवाळीनंतर या मुलींचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, घरी आजी-आजोबा. गोदामापासून पाड्यापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते. मधे नाला, नाल्यावर फरशी पूल. फरशीच्या अलीकडं निदान गावचे दिवे दिसतात. पलीकडं काही नाही. डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि त्याची सळसळ.

आणि त्या हिवाळ्यात बिबट्या आला.

आधी कोणाची तरी शेळी गेली. मग बांधावर पंजांचे ठसे दिसले. मग खळ्यात बांधलेलं वासरू गेलं, दोर तसाच राहिला. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात बोकड बांधला. तो बोकड रात्रंदिवस ओरडायचा आणि ते ओरडणं आमच्या घरापर्यंत यायचं. उसाला पाणी भरायला माणसं घोळक्यानं जाऊ लागली. बाया ताटं वाजवत शेतात जायच्या. बिबट्या घोळक्यावर येत नाही, मागं राहिलेल्याला उचलतो, असं जो तो सांगायचा. दिवे लागले की गल्लीत कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

वेळ पुन्हा पाचची करायला हवी होती. हे मला कळत होतं. पण मग भटू सरांचं म्हणणं बरोबर होतं असं झालं असतं, आणि मी प्रमुख होऊन दोन महिनेही झाले नव्हते. म्हणून मी सतरंजीवर उभा राहून, कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "पाड्यातल्या मुलींना मी स्वतः सोडायला जाईन. रोज." टाळ्या पडल्या. सरांनी टाळी वाजवली नाही. ते माझ्या पायांकडं बघत होते.

पहिल्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन निघालो. मुली पुढं, मी मागं. फरशीवर पोहोचलो आणि पलीकडच्या फडात काहीतरी हललं. रानडुक्कर असेल, वारा असेल. मी फरशीवरच थांबलो. मी म्हणालो, "रमिला, तुम्ही व्हा पुढं. मी इथून टॉर्च मारतो. तुम्ही दिसता तोवर उभा आहे."

रमिलानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले आणि त्या अंधारात पळत सुटल्या. ओरडत, वाकून, धाकटीला मधे घेऊन. वळणापर्यंत उजेड पुरला. वळणानंतर ऊस होता. मी मागं वळलो आणि गावाकडं जवळजवळ धावत आलो. घरी हिनं विचारलं, "पोचल्या का पोरी?" मी म्हणालो, "दारापर्यंत सोडून आलो."

दुसऱ्या दिवशी मी फरशीच्या पुढं जाणार होतो. तिसऱ्याही दिवशी जाणार होतो. रात्री बोकडाचं ओरडणं थांबलं की मी अंथरुणात उठून बसायचो आणि सकाळी शाळेच्या प्रार्थनेत त्या मुलींची डोकी मोजल्याशिवाय हात जोडता यायचे नाहीत. तरी संध्याकाळी फरशी आली की माझी पावलं थांबायची.

याच दिवसांत भटू सर क्लास सुटायच्या आधीच निघून जाऊ लागले. शेवटचा नमस्कारही करायचे नाहीत. एकदा मी सगळ्यांसमोर टोकलं. "सर, काळा पट्टाच शिस्त मोडू लागला तर पांढऱ्यानं काय करायचं?"

सर चपला घालता घालता थांबले. लेकरांसमोर कमरेत वाकले. "चुकनं, मास्तर. चक्कीवर गिऱ्हाईक शे." आणि गेले. एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत काहीतरी गोल, थाळीसारखं.

मग एक दिवस मला काय सुचलं कोण जाणे. मी सगळ्या क्लासपुढं पाड्यातल्या मुलींचं कौतुक केलं. या मुली बघा, बिबट्याच्या वाटेनं रोज जातात, यांना भीती ठाऊक नाही. क्लास सुटल्यावर रमिला माझ्याजवळ आली. शाळेत बोलतात तसं शुद्ध, जपून जपून बोलली.

"सर, आम्हाला भीती वाटते."

"अगं, मग..."

"वळणाच्या पलीकडं महूच्या झाडाखाली भटू सर असतात ना. म्हणून जातो आम्ही."

मला काही कळेना. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तेच घरापर्यंत येतात. आम्ही वळण ओलांडलं की थाळी वाजवतात."

"मला का नाही सांगितलं?"

ती चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिली. "सर बोलले, मास्तरले सांगू नका. त्याले वाईट वाटीन."

तो माणूस, जो पालीला बघून सतरंजीवरून उडी मारतो, तो रोज माझ्या आधी निघून, एकटा फरशी ओलांडून, त्या वळणाआड अंधारात उभा राहत होता. मी फरशीवरून परत फिरणार हे त्यानं मी जाहीर केलं तेव्हाच ओळखलं होतं. माझ्या पायांकडं बघून.

त्या संध्याकाळी मी मुलींबरोबर फरशीपर्यंत गेलो. मुली पळत वळणाआड गेल्या. मग तिथून थाळीचा आवाज सुरू झाला. आवाज लांब लांब गेला. मी मागं फिरलो नाही. पुढंही गेलो नाही, तेवढं धैर्य मला आजही नाही. मी नुसता उभा राहिलो आणि उभं राहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं, मुलींना सोडून येताना सरांबरोबर कोण असतं?

ऊस सळसळत होता. बऱ्याच वेळानं थाळीचा आवाज परत येऊ लागला, आणि आवाजाबरोबर बोलणं. बरीच माणसं असावीत असं मला वाटलं. पाड्यातलं कोणीतरी सोबत आलं असेल, म्हटलं, बरं झालं. मग शब्द कळू लागले. आवाज एकच होता. कापत होता, पण खणखणीत होता.

"ए रमिला, हयू चाल! लहान्या पोरीना हात सोडू नको!" ठण ठण. "वहिनी, चपला सांभाळा, गारा-चिखल शे आठे!" ठण ठण. "कोन रे तो, मांगे ऱ्हायना? पुढं चाल, पुढं!" ठण ठण. "मास्तर! मास्तर, तुम्ही मधमा ऱ्हा. मी शे ना मांगे."

वाटेवर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. अख्खा क्लास ते तोंडानं सोबत घेऊन चालले होते. आमच्या हिलासुद्धा. आणि मला त्यांनी घोळक्याच्या मधोमध ठेवलं होतं.

"हो सर," मी म्हणालो.

थाळी खणकन रस्त्यावर पडली. पाठोपाठ चपलांचा फटफटाट, तोही उलट्या दिशेनं. इतक्या दिवसांत त्यांना कोणी ओ दिली नव्हती. पळणं, हा आपला पहिला डाव त्यांनी मनापासून खेळला. मग फटफटाट थांबला.

"कोन शे?"

"मी. मास्तर."

"खरं का?"

"खरंच मी आहे, सर."

ते आले. धापा टाकत होते. मी टॉर्च खाली धरला, त्यांनी थाळी शोधून सदऱ्याला पुसली. मला एवढंच बोलता आलं, "सर, मी रोज इथूनच परत जायचो."

"मालूम शे."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलानं? फरशीलगून तं येतस ना रोज. भेव लागीसन बी येतस." त्यांनी थाळी काखेत मारली. "आते लागी ऱ्हायना का?"

"फार."

"मंग बरं शे. चाला. तुम्ही पुढं व्हा."

त्यांनी बाजूला सरून मला वाट दिली. नेहमीसारखी. तेव्हा मला बाजार समितीचं मैदान आठवलं, ते पंखांसारखे पसरलेले हात आणि हसणारा मांडव.

"नाही सर," मी म्हणालो. "आज मागं मी."

ते का कू करत होते. मी हललो नाही, तेव्हा चालू लागले. मागं ऊस, मागं फरशी, आणि माझ्या पाठीला जणू डोळे फुटले होते. सरांना पुढं चालायची सवय नव्हती. थाळी वाजवायचं विसरायचे, अडखळायचे, आणि मी आहे ना, हे बघायला सारखे मागं वळायचे.

"मास्तर?"

"हो सर."

थोडं चालून पुन्हा.

"मास्तर?"

"आहे, सर."